यू-५७० चं मॉडेल: किट घ्यावं का?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप सात-सी पाणबुडीचं प्लॅस्टिक किट, स्केल १/७२, म्हणजे खऱ्या बोटीच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. यू-५७० ही त्याच जातीची बोट. डेक्कनवरच्या एका हॉबी दुकानातून साडेसात हजारांना घेतलं. माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे आधी मोल्डिंगबद्दल.

डाय, म्हणजे साचा करणाऱ्यानं मन लावून काम केलंय. डेकच्या फळ्या, पोटावरच्या पाणी आत-बाहेर करणाऱ्या खाचा, सगळं धारदार उठलंय. फ्लॅश (साच्याच्या फटीतून कडेला आलेलं जादा प्लॅस्टिक) जवळजवळ नाही, भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनच्या खुणा आतल्या बाजूला. खोट आहे ती हलमध्ये, म्हणजे बोटीच्या धडात. बोट भरते ९३ सेंटिमीटर आणि एवढा लांब भाग थंड होताना वाकतोच. माझ्या खोक्यातला उजवा अर्धा भाग मध्यावर फुगलेला होता. आतून आडव्या पट्ट्या चिकटवल्या, मग एका टोकापासून थोडं थोडं जोडत गेलो. सांध्यावर पुट्टी, वर घासायला ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर. तो बोहरी आळीत मिळतो, हॉबी दुकानातला महागडा घ्यायची गरज नाही.

या किटमधून या जातीची कुठलीही बोट करता येते. मी यू-५७० केली आणि तुम्हीही तीच करा असं सांगेन. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलेली ही बोट १५ मे १९४१ ला नौदलात आली. ऑगस्टच्या अखेरीस पहिल्याच गस्तीवर निघाली आणि २७ तारखेला आइसलंडच्या दक्षिणेला पाण्यावर आली, ती नेमकी एका ब्रिटिश हडसन विमानाच्या टप्प्यात. चार डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब पडले. वीज गेली, पाणी आत आलं. बॅटरीच्या ॲसिडमध्ये खारं पाणी मिसळलं की क्लोरीन होतो, आणि बंद नळकांड्यात क्लोरीन म्हणजे मरणच. खलाशी बरेचसे नवखे. कप्तान राम्लोनं पांढरं कापड दाखवलं आणि बोट विमानाला शरण गेली. त्याला पुढे त्याच्याच लोकांनी भित्रा ठरवलं. मला ते अजिबात पटत नाही. चाळीसच्या वर माणसं त्याच्या एका निर्णयामुळे वाचली.

ब्रिटिशांनी बोट ओढत नेऊन आइसलंडच्या किनाऱ्यावर चढवली, दुरुस्त केली आणि ‘एचएमएस ग्राफ’ या नावानं स्वतःच्या नौदलात घेतली. पाण्याचा दाब झेलणाऱ्या आतल्या कवचाचं पोलाद १८.५ मिलिमीटर जाड. या स्केलमध्ये ते पाव मिलिमीटर होतं, म्हणजे किटचं प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी पट जाड. असा आकडा हाताशी असला की मॉडेल करताना हात आपोआप जपून चालतो.

आता रंगाचं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. खोक्यावरच्या चित्रात बोट गंजानं माखलीय, ओघळ पार पोटापर्यंत. वर्षानुवर्षं अटलांटिकमध्ये राबलेल्या बोटीला ते शोभतं. यू-५७० जर्मनांकडे जेमतेम साडेतीन महिने होती. तिला करडा रंग स्वच्छ द्या, खाचांखाली पुसट वॉश (पातळ केलेला गडद रंग), बस्स. कॉनिंग टॉवर, म्हणजे डेकवरचा बुरूज, सुरुवातीच्या काळातला घ्या, मागे एकच २० मिलिमीटर तोफ असलेला. आकड्यांचे डेकल (चिकटवायची छापील चित्रं) लावू नका, युद्धात जर्मन बोटी नंबर मिरवत नसत. गंज दाखवायचाच असेल तर ग्राफ करा. तिचा ब्रिटिश नंबर पी-७१५, आणि मार्च १९४४ मध्ये ती स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या खडकांवर आदळून संपली.

आतला भाग किटमध्ये मुळीच नाही. ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण या बोटीची सगळी गोष्ट बॅटरीच्या कप्प्याभोवती फिरते. निदान एक कापीव भाग तरी द्यायला हवा होता.

तरीही घ्याच. नवशिक्यानं मात्र आधी एखादं छोटं विमान जोडून हात बसवावा. मीटरभर लांब फळी मोकळी आहे ना, बघून ठेवा. आणि शेवटचं वार्निश जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका, पुण्याच्या पावसाळी हवेत ते दुधाळ होतं. दसऱ्यानंतर मारा.