पावशेराचे साहस: बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधील भाजीबाजार

बडोद्यात राहणाऱ्या बहुतेकांचा खंडेराव मार्केटशी संबंध येतो तो घरपट्टी, जन्माचा दाखला किंवा असल्याच एखाद्या कामासाठी, कारण राजमहाल रस्त्यावरच्या या देखण्या इमारतीत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. तिच्या मागच्या अंगाला भाजी, फळे आणि फुले यांचा जो बाजार भरतो, त्याच्याकडे मात्र आमच्या पिढीतल्या कित्येकांनी गर्दीचे कारण पुढे करून पाठ फिरवली आहे आणि पुढच्या पिढीला तर मोबाईलवरून भाजी मागवण्याची सवयच जडली आहे. माझे मत स्पष्ट आहे: रोजचे दिवस एकसारखे जातात, काही नवे घडत नाही, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी सहलीची तिकिटे काढण्याआधी दोन पिशव्या घेऊन महिनाभर या बाजारात नेमाने जाऊन पाहावे.

आधी इमारतीविषयी थोडेसे. बडोदे संस्थानचे राजे सयाजीराव महाराज यांनी १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, त्याला २५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९०६ मध्ये ही वास्तू उभी राहिली आणि तिला त्यांच्या आधीच्या पिढीतील खंडेराव महाराजांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे आणि मोफत झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्याची नजर कुठे कुठे पोहोचत होती याची कल्पना येते. कमानी, छत्र्या आणि नक्षीकाम यांनी सजलेली ही वास्तू पाहताना पाहुण्यांना ती एखाद्या राजवाड्याची बाजू वाटते, आणि ती बाजारासाठी बांधली असे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. आमच्या गावात न्यायमंदिराची, म्हणजे जुन्या न्यायालयाची, देखणी इमारतसुद्धा मुळात भाजीबाजारासाठीच योजली होती, असे जुने लोक सांगतात. वांगी आणि दुधी विकत घेण्याच्या कामाला एवढा मान देणारे गाव आपल्या वाट्याला आले, याबद्दल मला बडोद्याचे खरोखरच ऋणी वाटते.

आता मालाविषयी. मोबाईलवरच्या दुकानात आपण जे मागतो तेच येते, आणि तिथली सगळी अडचणही त्यातच आहे. ज्या भाजीचे नावच आपल्याला ठाऊक नाही ती मागायची कशी? इथे मात्र भाजी आधी डोळ्यांना दिसते, मग हातात येते आणि नाव सर्वांत शेवटी कळते. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आहे की नेहमीची खरेदी झाली की जाता जाता आपल्या घरी कधी न शिजलेली एक वस्तू पावशेर घ्यायची. पावशेर हे प्रमाण फार सोयीचे आहे, कारण बेत फसला तर नुकसान चहाच्या दोन कपांएवढे, आणि साधला तर घरात आठवडाभर त्याचीच चर्चा.

या नियमाला सर्वांत चांगला हंगाम हिवाळ्याचा. थंडी पडू लागली की ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. त्यांचे दाणे सोलून केलेली लीलवानी कचोरी ही बडोद्याची खास चीज असून ती फरसाणाच्या दुकानातून आणून खाणे वेगळे आणि संध्याकाळभर शेंगा सोलत बसून घरी करणे वेगळे. त्याच सुमारास हिरव्या पातीचा लसूण येतो, जो आपल्या मराठी स्वयंपाकघरात फारसा नसतो, पण बाजरीच्या भाकरीबरोबर तुपात नुसता परतला तरी दुसऱ्या भाजीची गरज उरत नाही. केशरी ओली हळद आणि फिकट रंगाची, कैरीच्या वासाची आंबेहळद शेजारी शेजारी मांडलेली असते. दोन्हींच्या चकत्या करून लिंबाचा रस आणि मीठ लावून बरणीत ठेवल्या की हे लोणचे दुसऱ्या दिवसापासून पानात वाढता येते. मुळ्याच्या शेंगा, म्हणजे आपल्या डिंगऱ्या, आपण भाजीत घालतो; इथे मोगरी नावाच्या जांभळट, सडपातळ शेंगा मिळतात आणि त्या बारीक चिरून दह्यात घातल्या की तिखटसर कोशिंबीर होते. पोंक पाहिला की देशावरून आलेल्या माणसाला हुरड्याची आठवण येणारच, कारण तो कोवळ्या ज्वारीचा हुरडाच. फरक एवढाच की आपण तो शेतावर बसून दाण्याच्या चटणीबरोबर खातो आणि गुजराती लोक त्यावर शेव भुरभुरवून, लिंबू पिळून, घरी आणून खातात. माझ्या सासूबाईंना हा प्रकार प्रथम मुळीच मान्य नव्हता. आता थंडी सुरू झाली की पोंक आला का, असे त्याच विचारतात.

उन्हाळ्यात भाज्या रोडावतात, पण लोणच्यांचा बाजार भरतो. छुंद्यासाठी राजापुरी कैऱ्या येतात, आणि भोकरे, ज्यांना इथे गुंदा म्हणतात, त्यांच्या टोपल्या दिसू लागतात. भोकराच्या आतली बी इतकी चिकट असते की काढताना बोटे एकमेकांना चिकटून बसतात. त्यावरचा उपाय मला याच बाजारात समोरच बसलेल्या एका मावशींनी दाखवला, तो म्हणजे काडीचे टोक मिठात बुडवून बी उपसायची. पावसाळ्यात कर्टोली येतात, सुरुवातीला महाग आणि नंतर परवडतील अशी. मराठी घरांची इथली खरी धांदल उडते ती भाद्रपदात, जेव्हा ऋषिपंचमीच्या भाजीसाठी अळू, पडवळ, माठ, सुरण यांची शोधाशोध सुरू होते आणि फुलांच्या बाजूला दूर्वा, केवडा, पत्री यांसाठी रांगा लागतात.

अळूची हकीकत थोडी विस्ताराने सांगते, कारण या बाजाराचा स्वभाव तिच्यात दिसतो. गुजराती घरांत पातरे, म्हणजे अळूवडी, आवडीने होते, त्यामुळे काळपट देठाची वडीची पाने इथे सहज मिळतात. पण आपल्या फतफत्याला लागणारे हिरव्या देठाचे भाजीचे अळू क्वचितच दिसते. श्रावणातल्या एका सकाळी मी वडीची पाने उलटसुलट करून परत ठेवत होते, तेव्हा ती विकणाऱ्या बाईंनी विचारले, "बेन, शुं शोधो छो?" मी जमेल तसे देठाचा रंग, खाजरेपणा आणि चिंच-गुळाची आमटीसारखी पातळ भाजी यांचे वर्णन केले. त्यांना ती भाजी ठाऊक नव्हती, पण आपल्या शेताच्या पाटाकाठी तसले काहीतरी उगवते आणि ते कोणी खात नाही, एवढे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी पदराखालून काढावी तशी एक जुडी त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि तिचे पैसे किती घ्यावेत हे त्यांनाच ठरवता येईना. फतफते झाल्यावर मी डबाभर त्यांच्यासाठी घेऊन गेले. चव त्यांना फारशी रुचली नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते, पण तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात त्या टोपलीत मराठी गिऱ्हाइकांसाठी भाजीच्या अळूच्या जुड्या असतात.

ही सेवा कोणत्याही यादीत लिहिलेली नसते, आणि ती मिळवायची तर गिऱ्हाइकालाही काही करावे लागते. बाजारात वावरताना कृतज्ञता नावाची वस्तू माझ्या मते दोन साध्या गोष्टींत असते. पहिली, पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस न करणे. शेतावरून वा घाऊक बाजारातून माल उचलून आणणाऱ्या या लोकांचा दिवस आपण अंथरुणात असतानाच सुरू झालेला असतो, आणि तरीही भाजी तोलताना पारडे थोडे झुकते ठेवण्याची आणि वर मिरच्या-कोथिंबिरीचा मसाला टाकण्याची इथली रीत अजून पुष्कळ जण पाळतात. अशा ठिकाणी पाच रुपये वाचवून घरी आणण्यात फुशारकी कसली? दुसरी गोष्ट त्याहून सोपी असून आपण ती जवळजवळ कधीच करत नाही: नेलेली भाजी कशी झाली, हे परत येऊन सांगणे. शिंप्याला आपण सदरा नीट बसला म्हणून सांगतो, वैद्याला गुण आला म्हणून सांगतो. भाजीवालीपर्यंत मात्र केवळ किडक्या वांग्याची तक्रार पोहोचते. मोगरीची कोशिंबीर छान झाली, एवढे एक वाक्य बोलून पाहावे. पुढच्या वेळी ती मोगरी आपल्यासाठी निवडून बाजूला ठेवलेली असते.

गैरसोयी आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. भर सकाळी किंवा संध्याकाळी चारचाकी घेऊन येणाऱ्याची चिडचिड ठरलेली, म्हणून दुचाकी किंवा रिक्षा बरी. पावसाळ्यात पायाखाली पालापाचोळा आणि चिखल असतो. चांगल्या चपला घालून येणाऱ्यांना तो आवडणार नाही. सगळेच विक्रेते सारखे नसतात, हेही खरे. वर लालबुंद आणि खाली मऊ पडलेले टोमॅटो माझ्याही पिशवीत आले आहेत, त्यामुळे निवडू देत नसेल त्याच्याकडून न घेणे हे उत्तम. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी एकट्याने जड पिशव्या घेऊन या गर्दीत शिरू नये, आणि ज्यांच्या घरी दोघेही कामावरून रात्री परततात त्यांनी मोबाईलवरून भाजी मागवली तर त्यात कसला अपराध मानण्याची गरज नाही; त्यांनी आठवड्यातून एखाद्या सकाळी आले तरी पुरे. सुटे पैसे नसले तरी अडत नाही, कारण पाटीवर बसलेल्या आजींकडेही आता मोबाईलने पैसे घेण्याचा फलक टांगलेला असतो. तरी थोडी रोकड जवळ असू द्यावी.

मुलांना बरोबर नेण्याविषयी मात्र माझा आग्रह आहे. पन्नास रुपये हातात देऊन, तुला हवी ती भाजी तू निवड आणि भावही तूच विचार, असे सांगितले की दुधीचे नाव काढल्यावर तोंड फिरवणारे मूल स्वतः आणलेली गलकी, म्हणजे आपली घोसाळी, निमूटपणे खाते. गुजराती बोलण्याची भीड मोडते हा वरचा फायदा.

एक सूचना उत्तरायणापुरती, म्हणजे आपल्या संक्रांतीपुरती. १४ जानेवारीला उंधियू, म्हणजे हिवाळी भाज्यांची खास गुजराती मिसळभाजी, करायचा असेल, तर आदल्या संध्याकाळी इथे येण्याचा बेत करू नये, कारण तेव्हा सुरती पापडी, जांभळा कंद आणि छोटी वांगी यांचे भाव चढलेले असतात आणि निवडायला जागाही नसते. कंद आणि रताळी टिकतात, ती चार-पाच दिवस आधी घ्यावीत. पापडी दोन दिवस आधी आणून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. त्यात घालायच्या मुठियांसाठी, म्हणजे मेथीच्या मुटक्यांसाठी, मेथी आणि हिरवा लसूण एवढेच आदल्या दिवशी सकाळी लवकर येऊन न्यावे. उंधियूबरोबर खायच्या जिलेबीची रांग मात्र कोणालाही चुकत नाही.