पोस्टग्रेस अकरा महिने वापरल्यावर: टेम्प फायलींनी डिस्क भरते तेव्हा

तालुक्यातल्या दूध संकलनाचा हिशेब आम्ही अकरा महिन्यांपासून पोस्टग्रेस 15 या डेटाबेसवर ठेवतोय. सकाळ-संध्याकाळ केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) येतं, दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. एकही नोंद आजवर हरवली नाही, त्यामुळे डेटाबेस बदलायचा विचार मनात नाही. पण जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते आम्ही चौथ्या महिन्यात शिकलो.

बिलाच्या आदल्या रात्री तफावतीचा एक नवा रिपोर्ट लावला होता. दोन टेबलं जोडताना त्यात तारखेची अट राहून गेली आणि ओळींची संख्या भलतीच फुगली. सॉर्ट (ओळी क्रमाने लावणं) मेमरीत मावला नाही (त्यासाठीची मेमरी, म्हणजे वर्क मेम, मुळात फक्त 4 एमबी असते) की पोस्टग्रेस तो माल डिस्कवर, पीजीएसक्यूएल-टीएमपी फोल्डरमध्ये टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींत उतरवतो. हे फोल्डर डेटाच्याच डिस्कवर असतं. डिस्क भरली, वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंद) लिहायला जागा उरली नाही आणि अख्खा सर्व्हर पडला. उठला, तर आमच्या शेड्युलरने तोच रिपोर्ट पुन्हा सोडला. रात्रभर हेच चाललं. पहाटे केंद्रांवरून फोन सुरू झाले. लोक कॅन घेऊन रांगेत उभे, सचिव वहीत हाताने नोंदी करताहेत.

मी लॉगिन केलं तर 80 जीबीपैकी 46 मोकळी! लॉगमध्ये मात्र ‘डिस्कवर जागा नाही’. खूप वेळ डोकं चालेना. क्रॅशनंतर पोस्टग्रेस टेम्प फायली स्वतः पुसतो, ही सोय आवृत्ती 14 पासून आहे. चांगलीच आहे, पण मागे खूणही राहत नाही. लॉग-टेम्प-फाइल्स ही सेटिंग मुळात बंद असते. ती 0 केली (म्हणजे प्रत्येक टेम्प फाइलची नोंद होते) आणि रिपोर्ट टेस्ट सर्व्हरवर चालवला, तेव्हा लॉगमध्ये एकाखाली एक तोच आकडा दिसला: 1073741824, 1073741824, 1073741824. एक-एक जीबीचे तुकडे. चोर सापडला.

रिपोर्ट दुरुस्त केलाच, पण खरा उपाय टेम्प-फाइल-लिमिट, म्हणजे टेम्प फायलींनी किती जागा घ्यावी याची सेटिंग. ही मर्यादा मुळात -1, म्हणजे अमर्याद असते. आम्ही 10 जीबी ठेवली. गेल्या महिन्यात असाच एक रिपोर्ट तिथे अडून एरर देऊन थांबला, संकलन मात्र सुरूच राहिलं. वर्क मेम सगळ्यांसाठी वाढवू नका. ते प्रत्येक कनेक्शनच्या प्रत्येक सॉर्टला वेगळं लागतं, मग रॅम संपते. आम्ही फक्त बिलाच्या सेशनपुरतं 256 एमबी करतो.

क्लाउडच्या रीस्टार्टला पुसल्या जाणाऱ्या डिस्कवर टेम्प फायलींचं टेबलस्पेस (फायली ठेवायची जागा) हलवायचा सल्ला मलाही मिळाला होता. तसं करू नका, अख्खं क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) धोक्यात येतं. आणि लिमिट प्रत्येक प्रोसेसला वेगळी लागते, आपण स्वतः बनवलेली टेम्पररी टेबलं तर तिच्यात मोजलीच जात नाहीत. म्हणून डिस्क 75 टक्क्यांवर गेली की मोबाइलवर मेसेज येईल, अशी सोय अजून ठेवली आहे.