एनआयएल गो: जास्त मिळालं तर चौकशी, कमी मिळालं तर शुकशुकाट

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून पैसे कमावायची मुभा एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेनं १ जुलै २०२१ पासून दिली. एनआयएल म्हणतात ते हेच. पुढची चार वर्षं या बाजाराला कुंपण असं नव्हतंच. कॉलेजवर जीव असलेल्या देणगीदारांनी कलेक्टिव्ह, म्हणजे खेळाडूंसाठी पैसे जमवणारे गट काढले, आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ पगार वाटले. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि त्याच महिन्यात डेलॉइट या सल्लागार कंपनीचं ‘एनआयएल गो’ हे पोर्टल सुरू झालं. डिव्हिजन वन या एनसीएएच्या सर्वोच्च गटातल्या खेळाडूला बाहेरच्या कोणाकडून ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त मिळणार असतील, तर ते डील आता इथे नोंदवावं लागतं.

मत आधीच सांगून टाकतो: तपासणी नाका म्हणून हे पोर्टल चालतं. खेळाडूचा पाठीराखा म्हणून त्याच्याकडे बघू नका.

आधी एक गोंधळ दूर करू. कॉलेज स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना जे वाटतं, ते पैसे इथे येत नाहीत. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा दर कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलर आहे, आणि त्याचा हिशेब कॉलेज ‘कॅप्स’ नावाच्या वेगळ्या प्रणालीत भरतं. एनआयएल गो फक्त बाहेरच्या पैशांसाठी: दुकान, ब्रँड, शोरूम, कलेक्टिव्ह.

मुदत आहे कामाच्या ५ दिवसांची. करार ठरला की घड्याळ चालू. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, पण परीक्षेचा आठवडा धरतात. नोंदणी केली, पैसे कोण देतंय ते भरलं, करार चढवला, की तपासणी सुरू होते. सगळ्यात जास्त डील इथेच लटकतात, आणि कारण अगदी साधं असतं: समोरच्याकडून लागणारी माहितीच येत नाही. छोट्या दुकानाच्या मालकाला कॉलेजच्या खेळातले नियम माहीत नसतात. पोर्टलकडून ईमेल आला की तो फसवणूक समजून उडवतो. सही करतानाच त्याला सांगून ठेवा, की असा ईमेल येईल आणि उत्तर द्यायचंय.

६०० चा आकडा एका डीलचा नाही, एकाच देणाऱ्याकडून मिळणाऱ्या एकूण रकमेचा आहे. दीडशे-दीडशे डॉलरचे चार रील केले की झाले ६००. वस्तूही मोजतात. वापरायला दिलेली गाडी, बूट, फुकट जेवणाचे कूपन, सगळ्याची किंमत धरायची.

तपासणीचे प्रश्न तीन. पैसे देणाऱ्याचं कॉलेजशी नातं आहे का? असेल तर या व्यवहारात खरा धंदा आहे का? आणि रक्कम अशाच दुसऱ्या खेळाडूंना मिळते त्या पट्ट्यात बसते का? नातं नसेल तर पुढच्या दोन प्रश्नांचा जाच नाही. पण नात्याची व्याख्या वाटते त्याहून रुंद आहे. कॉलेजला आयुष्यभरात ५०,००० डॉलरहून जास्त देणगी दिलेला माणूस ‘संबंधित’ ठरतो. स्टेडियमवर ज्याची पाटी झळकते तो गाडीविक्रेता यात सहज अडकतो, आणि खेळाडूला त्याच्या देणगीचा हिशेब कुठून माहीत असणार?

डील अडकायचं दुसरं कारण म्हणजे करारातली एखादी मोघम ओळ. ‘खेळाडू गरजेनुसार प्रचार करेल, मोबदला ४,००० डॉलर.’ या ओळीत काम कोणतं आणि विकायचं काय, ते कुठेच नाही. तीच ओळ अशी लिहा: ‘ऑक्टोबरमध्ये ३० सेकंदांचे ३ रील, एका शनिवारी शोरूममध्ये २ तास सह्या, फोटो शोरूमच्या खात्यावर ६ महिने, प्रत्येक रीलनंतर १,००० डॉलर आणि सह्यांच्या कार्यक्रमानंतर १,००० डॉलर.’ रक्कम तीच, पण आता धंदा दिसतो. नुसते हक्क आज विकत घेऊन ठेवायचे आणि वापर कधी, कुठे ते नंतर बघायचं, अशा साठेबाजीच्या करारांना पोर्टल पास करत नाही. ते रास्तच आहे. पगाराला जाहिरातीचा झगा घालायची ती जुनी युक्ती.

रकमेचा पट्टा मात्र अंधारातला आहे. खेळातली कामगिरी, सोशल मीडियावरचे फॉलोअर, कॉलेज आणि तिथली बाजारपेठ हे बघतात एवढं कळतं. कशाला किती वजन, ते सूत्र जाहीर नाही. त्यामुळे डील ठरवताना कोणता आकडा चालेल, ते स्वतः मोजून बघता येत नाही. सेवेचा सगळ्यात मोठा दोष हाच.

‘नॉट क्लिअर्ड’, म्हणजे नामंजूर, असं उत्तर आलं तर करार बदलून पुन्हा पाठवा, सोडून द्या, किंवा लवादाकडे जा. चौथी वाट म्हणजे तसंच पुढे जाऊन खेळायची पात्रता पणाला लावायची. लवाद म्हणजे वकील आणि वेळ, दोन्ही आले. चार हजारांसाठी ते परवडत नाही. म्हणून करारातच एक अट टाका: पोर्टलची मंजुरी येईपर्यंत काम सुरू नाही आणि पैसेही नाहीत. ही अट नसली की काम होऊन जातं आणि पैसे घ्यावेत की परत करावेत, हा घोळ उरतो.

आता पोर्टल काय बघत नाही ते. चेहरा कायमस्वरूपी वापरायचा हक्क ७०० डॉलरला लिहून दिला, तरी तिन्ही प्रश्नांची उत्तरं ठीक येऊ शकतात आणि डील पास होऊ शकतं. एजंटनं ३० टक्के कापले, देणाऱ्यानं पैसे बुडवले, करार तोडायचा हक्क फक्त ब्रँडकडे ठेवला, यातलं काहीच तपासलं जात नाही. सगळी यंत्रणा खेळाडूला जास्त तर मिळत नाही ना, या काळजीतून उभी राहिली आहे. त्यामुळे मुदत, कोणकोणत्या माध्यमात वापर, प्रतिस्पर्धी ब्रँडवरची बंदी आणि पैसे देण्याची तारीख ही चार कलमं स्वतःच वाचा, जमल्यास वकिलाकडून तपासून घ्या.

करही कोणी कापून घेत नाही. हे उत्पन्न स्वयंरोजगाराचं धरतात. वरच्या ४,००० डॉलरवर खर्च काही दाखवला नाही, तर नुसता स्वयंरोजगार कर सुमारे ५६५ डॉलर बसतो, आयकर निराळा. रक्कम हातात आली की चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवा. तिमाही भरणा चुकला तर दंड लागू शकतो.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर टेनिस किंवा पोहण्यासाठी गेलेल्या मुलांनी आणखी सावध राहावं. एनआयएल गोची मंजुरी खेळण्याच्या पात्रतेपुरती आहे, काम करण्याची परवानगी नव्हे. अमेरिकेत बसून ब्रँडसाठी रील करणं हे बेकायदा काम ठरू शकतं, आणि तो धोका पोर्टलच्या पडद्यावर दिसत नाही. करार आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. सही त्यानंतर, आणि पोर्टल सगळ्यात शेवटी.