देवळालीतील क्लॅरिनेटची शिकवणी: दीड वर्षाचा अनुभव

नाशिकमध्ये गाणे, तबला किंवा हार्मोनियम शिकायचे तर गुरू शोधावा लागत नाही. मात्र पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने क्लॅरिनेट (चाव्यांचे फुंकवाद्य) शिकवणारे कोणी मला बरेच दिवस सापडले नव्हते. त्यामुळे देवळाली कॅम्पातील सरांचा पत्ता कळल्यापासून, म्हणजे गेले दीड वर्ष, मी आठवड्यातून दोनदा पंचवटीहून तिकडे जातो आहे.

सर सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले वादक आहेत. पचमढीच्या लष्करी संगीत विभागात त्यांचे शिक्षण झाले. नोकरीची सगळी वर्षे संचलनांच्या धुना वाजवण्यात गेली, तरी संध्याकाळी बराकीमागे बसून त्यांनी मोझार्टचा १७९१ सालचा क्लॅरिनेट कंचेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्यासाठी लिहिलेली रचना) ओळीओळीने बसवला. त्यातील मधला संथ भाग ते आजही वाजवतात, तेव्हा फुंक इतकी हळुवार असते की स्वर नेमका कधी सुरू झाला हे कळत नाही.

शिकवण्याची शिस्त कडक आहे. पहिले दोन महिने एकही गाणे नाही, केवळ लांब स्वर. मी वाजवत असताना सर शेजारच्या खोलीत चहा करत असतात आणि तेथूनच ‘खालचा ओठ सैल पडला’ असे सांगतात, आणि तो खरोखरच सैल पडलेला असतो.

हार्मोनियम वाजवून आलेल्या माझ्यासारख्याला हे वाद्य आरंभी फार गोंधळात टाकते. नोटेशनमधील ‘सी’ (हार्मोनियमची पांढरी एक) वाजवला की नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटमधून काळी पाचचा स्वर उमटतो. बासरीत फुंक वाढवली की त्याच बोटांवर वरचा षड्ज मिळतो; येथे अंगठ्याजवळची चावी दाबली की वरचा षड्ज ओलांडून थेट त्याच्या पुढचा पंचम येतो, त्यामुळे खालच्या आणि वरच्या स्वरांची बोटे वेगवेगळी पाठ करावी लागतात. सरांनी हे नळीची आकृती काढून समजावले, म्हणूनच ते माझ्या डोक्यात बसले. डिसेंबरात वाद्य गार पडून सूर उतरतो, तेव्हा वाजवण्याआधी बॅरल, म्हणजे मुखाजवळचा नळीचा छोटा तुकडा, दोन्ही तळव्यांत धरून ऊब देण्याची सवयही त्यांनीच लावली.

रीडचा, म्हणजे मुखावर बसवायच्या वेताच्या पातळ पट्टीचा, प्रश्न मात्र त्रासाचा आहे. शहरातील एका दुकानातून मी दोन नंबरची रीड म्हणून घेतलेल्या पेटीत तीन नंबरची, म्हणजे अधिक कडक, निघाली आणि आठवडाभर फुंकून ओठ दुखले. तेव्हापासून सर मुंबईहून सर्वांसाठी एकत्र मागवतात आणि वाद्यही आरंभी लाकडी न घेता प्लॅस्टिकचे घ्यायला लावतात, कारण कोरड्या उन्हाळ्यात लाकडाला तडा जाण्याची भीती असते.

उणीव सांगायची तर रागसंगीताकडे सर फारसे वळत नाहीत. चाव्यांच्या या वाद्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) काढणे अवघड असते हे मान्य, परंतु तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत उभे करून दाखवले, त्यामुळे निदान भूपासारखा एखादा राग शिकवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. भजने किंवा चित्रपटगीते लवकर वाजवायची असतील, तर येथे धीर सुटेल. लहान मुलांना, पुढचे पक्के दात येऊन बोटे सर्व छिद्रांपर्यंत पोहोचेपर्यंत, सर प्रवेश देत नाहीत. पालकांनी तोपर्यंत आग्रह धरू नये.