हॅवलॉकचा सूर्यास्त, किंमत ९८,४८० रुपये

५२,८०० अधिक ३१,६८० अधिक १४,०००. चौघांचे मिळून ९८,४८० रुपये गेले. कशासाठी, तर अंदमानातल्या स्वराज द्वीपावरच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका डाइव्ह रिसॉर्टसाठी. खोटं बुकिंग कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: ढापलेले फोटो, खऱ्या जागेच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, 'शेवटच्या दोनच कॉटेज उरल्यात', आणि मग गाडी व्हॉट्सॲपवर. ते उगाळत नाही. हा सापळा डायव्हिंग जाणणाऱ्यांसाठीच लावलेला होता, म्हणून हे लिहिणं.

"एवढी माहिती असून फसलात कसे?" असं विचारणाऱ्यांनी त्या रिसॉर्टने पाठवलेला डाइव्हचा आराखडा एकदा बघायला हवा होता. त्यात पाण्याखालचं सगळं बरोबर होतं. ओपन वॉटर कार्डवाल्यांना, म्हणजे पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र असलेल्यांना, १८ मीटरच्या आत ठेवलेलं, ॲक्वेरियम आणि लाइटहाउस या डाइव्हच्या जागा त्यांच्यासाठी. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल या खोल जागा फक्त पुढच्या पातळीच्या, ॲडव्हान्स्डवाल्यांना. सिलिंडर ११.१ लिटरचे ॲल्युमिनियमचे, २०० बार दाबाला भरलेले. शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत १८ तासांहून जास्त कोरडे सोडलेले, कारण शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. स्वस्तातल्या खऱ्याखुऱ्या एजंटांचे आराखडे इथेच घसरतात. याचा घसरला नाही. दरही संशय यावा इतके कमी नव्हते: कॉटेज रात्रीला ६,२००, डाइव्ह ४,७५०. दोन कॉटेज पाच रात्री आणि माणशी सहा डाइव्ह, एकूण १,७६,०००. त्याचे ३० टक्के आगाऊ, म्हणजे ५२,८००. यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

जागा होती. पाण्यात नव्हती, किनाऱ्यावर होती.

पत्ता होता बीच नंबर ५, विजयनगर. आणि फोटोखाली ओळ होती, 'कॉटेजच्या पायरीवरून दिसणारा सूर्यास्त'. विजयनगरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. मावळतो तो पाठीमागे, बेटावरच्या झाडांआड. समुद्रातला सूर्यास्त बघायचा तर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, राधानगरला, म्हणजे नंबर ७ ला जावं लागतं. नकाशा उघडून बोट ठेवलं असतं तरी कळलं असतं. चौघांनी तो फोटो पाहिला, चौघांना तो आवडला, आणि नकाशा एकाच्याही मनात आला नाही. पैसे गेले त्यापेक्षा ही गोष्ट जास्त झोंबते. पण बुकिंग करताना कंपास लावून फोटो कोण बघतं? डाइव्ह करणारा माणूस बोट, सिलिंडर आणि गाइड बघतो, आणि फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

त्याच पानावर दुसरी थाप होती: 'भरती असो वा ओहोटी, थेट कॉटेजसमोरून बोटीत.' नंबर ५ ला ओहोटीत पाणी दूरवर मागे जातं, खडक आणि मेलेलं पोवळं उघडं पडतं, बोट काठाला येतच नाही. एकतर गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, नाहीतर गाडीने जेट्टी गाठायची. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच टाका: 'आमच्या तारखेला सकाळी साडेसहाला ओहोटी असेल, तर बोटीत कुठून चढायचं?' तिथे खरोखर राहणारा माणूस वैतागून का होईना, पण नेमकं उत्तर देतो. "काळजी करू नका सर, सगळी सोय आहे" असं ऐकू आलं की फोन ठेवा.

आगाऊ रक्कम पोचली तशी ३१,६८० ची मागणी आली. पूर्ण १,७६,००० वर १८ टक्के जीएसटी, 'आत्ता भरला तरच बिल पक्कं'. रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर १८ टक्के लागतच नाही, सरसकट लावणं तर सोडाच. पण डाइव्हवर १८ टक्के असतो, त्यामुळे आकडा अनोळखी वाटला नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक मात्र वाचायला शिका. तो १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. अंदमान-निकोबारचा ३५. खोली जिथे आहे तिथलीच नोंदणी लागते, त्यामुळे अंदमानातल्या खोलीच्या बिलावर ३५ सोडून दुसरं काही दिसलं की थांबा. या बिलावर ३५ नव्हतं. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन. एकूणातलं सहावं अक्षर 'पी' असेल तर मालक एकटी व्यक्ती, 'सी' असेल तर कंपनी. क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदलेलं नाव फुकट दिसतं. छोट्या होमस्टेकडे हा क्रमांक नसू शकतो, त्यात गैर काही नाही. पण मग त्याने जीएसटी मागायचा नाही.

१४,००० 'बेट परमिट आणि फेरी अनामत, परत मिळेल' म्हणून. भारतीय नागरिकाला हॅवलॉकला जायला परमिट लागत नाही. लक्षद्वीपला लागतं, अंदमानातल्याच जॉली बॉय बेटासाठीही परवानगी काढावी लागते, आणि ही गल्लत होते हे धरूनच ती ओळ लिहिलेली होती. फेरीची तिकिटं स्वतःच्या नावाने स्वतः काढा. अनामत कसली?

व्हिडिओ कॉल मागितला तर उत्तर 'बेटावर नेटवर्क नाही'. एके काळी ते खपून गेलं असतं. चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती स्वराज द्वीपालाही जोडलेली आहे. रिसेप्शनपासून किनाऱ्यापर्यंत मोबाइल फिरवायला लावा, तोही दिवसा.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर ते फक्त 'अनधिकृत' व्यवहारांना लागू, आणि हा 'अधिकृत'. म्हणजे चोराने खिसा कापला तर भरपाई, चोराने बोलण्यात गुंतवून खिसा उलटा करायला लावला तर तुमची मर्जी! पोलीस ठाण्यात "गुन्हा अंदमानात घडलाय, तिकडे जा." खोटं रिसॉर्ट अंदमानात नाहीच हो, मग गुन्हा तिथे कसा घडेल? झीरो एफआयआर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, कुठल्याही ठाण्याला नोंद घ्यावी लागते. हे सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. जिथे जाहिरात होती त्या साइटचं उत्तर, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, सबब जबाबदारी नाही. शेवटी 'तुमचा अनुभव कसा होता' म्हणून पाच तारे. पर्यटनाच्या सरकारी कार्यालयाने ईमेल पाठवा म्हटलं, त्या ईमेलला उत्तर नाही. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कायदा २०१९ चा आहे. पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो, आणि इथे पत्ता म्हणजे तो सूर्यास्ताचा फोटो.

पैसे गेल्याचं कळलं की ठाणं नंतर, आधी १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तासाभरात फोन झाला तर खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा. शक्य असेल तिथे आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच द्या, वाद घालायला चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून घेण्याचा, रस्ता तरी उरतो. यूपीआयने द्यायचीच वेळ आली तर पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं खातेदाराचं नाव मोठ्याने वाचा. 'रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा' म्हटलं तर नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आणि राहायचं कुठे, तर डाइव्ह शॉपपासून पायी अंतरावर, नंबर ३ किंवा ५ च्या बाजूला. राधानगर सुंदर आहे, पण बोटी निघतात पहाटे, आणि त्या वेळी दहाबारा किलोमीटरसाठी रिक्षा शोधणं म्हणजे डोकेदुखी. आधी डाइव्ह शॉप ठरवा, त्याची नोंदणी पॅडी किंवा एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांच्या यादीत तपासा, मग त्याच शॉपला फोन करून शेजारच्या खोल्यांची नावं विचारा. उपकरणं धुवायला गोड्या पाण्याची टाकी आणि वाळत घालायला सावली आहे का, हेही त्याच फोनमध्ये.

९८,४८० पैकी ११,२१२ रुपये गोठलेले आहेत. ते सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. सोबत तक्रारीची पोचपावती, बँकेचं स्टेटमेंट आणि गोठवल्याचं पत्र. ते पत्र बँक स्वतःहून देत नाही, लेखी मागा आणि मागणीच्या प्रतीवर शिक्का घ्या.