श्रीलंका: मलेरिया रिसर्च की डेंग्यू रिसर्च?

श्रीलंकेत मलेरिया संपलाय आणि डेंग्यू वाढलाय, मग रिसर्च कशावर करायचा, हा प्रश्न. आधी मलेरिया. १९६३ ला तिथं वर्षभरात फक्त १७ केसेस होत्या, सगळे निवांत झाले, फवारणी ढिली पडली आणि १९६७-६९ ला लाखांनी पेशंट. तो चटका बसल्यामुळेच असेल, पण नंतर एकेका पेशंटचा माग काढत ऑक्टोबर २०१२ नंतर स्थानिक केस नाही आणि २०१६ ला डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटना) मलेरियामुक्तीचं सर्टिफिकेट!

डेंग्यूचं गणितच उलटं. मलेरियाचा तिथला मुख्य डास पाऊस दडी मारतो तेव्हा नदीपात्रातल्या डबक्यांत वाढायचा, डेंग्यूचा डास हा पठ्ठ्या मात्र पाऊस पडला की कुंडीखालच्या ताटलीत, टायरात, करवंटीत. २०१७ ला एक लाख ८० हजारांच्या वर केसेस झाल्या, मग सगळ्यांचं लक्ष इकडंच वळणार ना, वोल्बाकिया बॅक्टेरियावाले (हा बॅक्टेरिया डासात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही) डास कोलंबोत सोडून बघण्यापर्यंत गाडी गेली.

पण मला विचाराल तर मलेरियाची लॅब बंद करणं वेडेपणा. श्रीलंकेतल्याच मन्नारमध्ये अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा मलेरिया पसरवणारा डास सापडलाय, म्हणजे आपल्या मुंबईच्या टाक्या-विहिरींतला तोच शहरी डास, आणि बाहेरून मलेरिया घेऊन येणारे प्रवासी तर चालूच आहेत.