डिकीपाशी की दारोदार? हॅलोविनला मुलांना कुठे न्यावं

भोंडल्याची खिरापत वाटून होते न होते, तोच न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या घरांत पुढचा प्रश्न उभा राहतो. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, वेश घेतलेल्या मुलांना खाऊ गोळा करायला वस्तीत दारोदार फिरवायचं, की शाळेच्या पार्किंगमधल्या ट्रंक-ऑर-ट्रीटवर (पालक गाड्या लावून, डिक्या सजवून तिथेच मुलांना खाऊ वाटतात) भागवायचं? आमच्या मुलीला आम्ही दोन्ही दाखवलं आहे. ती चार आणि पाच वर्षांची असताना डिक्यांपाशी नेलं. त्या दुसऱ्या वर्षापासून आजवर ३१ तारखेला दारोदार फिरतो. हा अनुभव एका उपनगरातला, एकाच मुलीचा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

ट्रंक-ऑर-ट्रीटच्या बाजूने बोलायला बरंच आहे. मूल दोन-तीन वर्षांचं असेल, घर हमरस्त्यावर असेल किंवा वस्तीत फुटपाथच नसतील, तर फार विचार करू नका, तिकडेच जा. गाड्या उभ्या असतात, चालत्या नसतात, आणि हा फरक लहान नाही. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या रस्ते अपघातांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका एरवीपेक्षा ४३ टक्के जास्त असतो, असं त्यात दिसलं. भारतातून आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही खुर्ची टाकून बसता येतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळी डिकी ठेवली की त्यांचे आईबापही निर्धास्त असतात. दारोदार फिरताना त्यांना निळसर हिरव्या रंगाचा भोपळा शोधावा लागतो. या घरी खाऊखेरीज दुसरी भेटही मिळेल, अशी ती खूण.

कँडीत कोणी काहीतरी कालवेल, या भीतीने मात्र पार्किंगकडे वळू नका. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या अशा बातम्यांचा पाठपुरावा केला. दारोदार मिळालेल्या खाऊत अनोळखी माणसाने काही मिसळलं आणि त्यातून मूल दगावलं, असं एकही प्रकरण त्याला सिद्ध झालेलं आढळलं नाही. आम्ही पिशवी घरी आणून एकदा नजरेखालून घालतो, तेवढं पुरतं.

आता माझं मत जिथे फिरलं ती गोष्ट. त्या वर्षी मुलीला काजवा व्हायचं होतं. आई नाशिकहून आली होती. तिने आपल्या जुन्या टिश्यू साडीचे पंख शिवले, आणि मी पाठीवरच्या कापडी पोटात पेन्सिल सेलवर चालणारी बारीक दिव्यांची माळ बसवली. तीन रात्री त्यात गेल्या. आमच्याकडचं ट्रंक-ऑर-ट्रीट हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी, दुपारी तीनला असतं. लख्ख ऊन होतं. माळ लागली आहे की नाही, हे मला स्वतःला तळहाताचा आडोसा धरून बघावं लागत होतं. मुलगी प्रत्येक डिकीपुढे पाठ करून उभी राहायची, समोरचे प्रेमाने “किती गोड फुलपाखरू!” म्हणायचे आणि पिशवीत चॉकलेट टाकायचे. मागे रांग असल्यामुळे थांबून सांगायची सोय नव्हती. सतराव्या की अठराव्या डिकीला तिने पाठ फिरवणंच सोडून दिलं. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. पिशवी भरलेली होती, आणि गाडीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, “बाबा, मी काजवा होते हे कोणालाच कळलं नाही.”

शाळेची चूक नव्हती, स्वयंसेवकांनाही घरी जायचं असतं. पण दुपारची वेळ आणि पुढे सरकणारी रांग, या दोन गोष्टी मला तेव्हापासून खटकतात. वेश घेतलेल्या मुलाला खाऊइतकंच “तू कोण झालास?” हे विचारणारं माणूस हवं असतं. स्कॉटलंड-आयर्लंडमधून ही प्रथा इकडे आली. तिथे सोंग घेतलेली मुलं दारात गाणं किंवा कविता म्हणायची, तेव्हा कुठे त्यांना फळं, सुकामेवा मिळायचा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, म्हणजे आपला बहुरूपीच की!” तिच्या लहानपणी पोलिसाच्या वेशात येऊन घरातल्यांना दम देणारा बहुरूपी सगळं बोलणं संपवूनच पैसे घ्यायचा, आणि कोणी मधेच पैसे पुढे केले तर त्याला ते आवडायचं नाही.

म्हणून ३१ तारखेला आम्ही तिला तेच पंख लावून बाहेर काढलं. अमेरिकेत २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोविनला आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला निघालो. ज्या घराच्या पोर्चमध्ये दिवा लागलेला, तिथेच जायचं, हा इथला अलिखित नियम. चौथ्या घरी एक वयस्क बाई एकट्या राहतात. दोन वर्षांत आमचं त्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्यांनी वाकून विचारलं, तू कोण? मुलीने सांगितलं आणि पाठ केली. बाईंनी “थांब हं” म्हणून आत हात घातला आणि पोर्चचा दिवा बंद केला. अंधारात ते छोटंसं पोट लुकलुकायला लागलं. रस्त्यावरून जाणारी दोन मुलंसुद्धा थांबून बघत राहिली. मग बाईंनी दिवा पुन्हा लावला आणि कँडीचं भांडं पुढे केलं. आई फुटपाथवर उभी होती, तिने डोळ्यांना पदर लावला.

दारोदार फिरण्याचे त्रासही आहेत. थंडी असली तर अर्धा वेश कोटाखाली जातो (आम्ही आता वेशच एक माप मोठा करतो आणि आत स्वेटर घालतो). काही रस्त्यांवर पाचातली तीन घरं अंधारी असतात, पाय दुखतात, परतताना मूल कडेवर घ्यावं लागतं. पाऊस आला तर सगळंच ओमफस. २०१२ साली सँडी वादळाने रस्त्यांवर झाडं आणि विजेच्या तारा पाडल्या, तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांनी आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. गाड्यांच्या धोक्यावर आम्ही टॉर्च, पिशवीवर चमकणारी पट्टी आणि रस्ता ओलांडताना हात न सोडणं, एवढंच करतो. बहुधा तेवढं पुरेसं असावं, पण मूल पुढे पळणारं असेल तर तुम्ही अजून एखादं वर्ष डिकीपाशीच काढलंत तरी काही बिघडत नाही.

तुमच्या मुलाचा वेश दुकानातून आणलेला असेल आणि त्याला त्याचं विशेष नसेल, तर दोन्हीकडे सारखीच मजा येईल. घरी खपून केलेला असेल, तर मात्र निदान तासभर तरी दारोदार न्या, अंधार पडल्यावर न्या, आणि प्रत्येक दारात त्याला बोलू द्या.

या वर्षीही शाळेच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावणार आहे, डिकीत भोपळे मांडायचं कबूल केलं आहे. मुलगी तिथे साध्या कपड्यांत येऊन मला कँडी वाटायला मदत करणार आहे. तिचा दीपगृहाचा वेश कपाटात आहे, तो ती ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कोणाला दाखवणार नाही.